तीनशेच्या अलीकडे

डोंबिवलीत व्यायामशाळा चालवायची तर माणसांची वर्गवारी वयावरून करून भागत नाही, लोकलच्या वेळेवरून करावी लागते. पहाटे साडेपाचला येणारे सातच्या आत स्टेशन गाठायच्या घाईत असतात. रात्री साडेआठनंतर येणारे सीएसएमटीहून किंवा बीकेसीहून परतलेले असतात, लॅपटॉपची बॅग पाठीवर तशीच. दुपार कॉलेजच्या पोरांची. मी लिहितोय ते पहाटेच्या आणि रात्रीच्या गटाबद्दल, म्हणजे चाळीस ते पंचावन्नच्या पुरुषांबद्दल. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे सगळ्यात जास्त वाढले ते हेच. फी वेळेवर भरतात, टॉवेल स्वतःचा आणतात, वजनं जागेवर ठेवतात आणि पोरांपेक्षा फार लवकर खचतात.

पूर्वी या वयाची माणसं पोट कमी करायला यायची आणि ट्रेडमिलवर चालून निघून जायची. आता त्यांना वजन उचलायचं असतं. बऱ्याच जणांना डॉक्टरांनीच सांगितलेलं असतं की पन्नाशीनंतर स्नायू झिजतात, आत्ताच साठवा. सुरुवातीचे महिने मजेत जातात. नुसता वीस किलोचा रिकामा बार छातीवरून ढकलताना थरथरणारा माणूस दिवाळीपर्यंत साठ किलोवर येतो, घरी फोटो दाखवतो. मग एक दिवस ते थांबतं. मी प्रत्येकाला दोनशे पानी वही ठेवायला लावतो. मोबाइलमधलं ॲप चालणार नाही, कारण ॲप उघडलं की व्हॉट्सॲपही उघडतं. त्या वहीत मग साठ, साठ, साठ, साडेसत्तावन्न असे आकडे दिसायला लागतात. शेजारच्या रकान्यात मी 'कसं वाटलं' ते लिहायला सांगतो. तिथे आधी 'मस्त' असतं, नंतर 'ठीक', नंतर रकाना रिकामा.

आकडा अडकल्यावर माणूस काय काय करतो याचा क्रम मला पाठ झालाय. आधी बूट बदलतो. मग कमरेचा पट्टा घेतो. मग व्हे, मग क्रिएटिन, मग यूट्यूबवरच्या कुणाचा तरी सहा दिवसांचा कार्यक्रम. आणि मग एका रात्री, बाकीचे निघाल्यावर, माझ्याजवळ येऊन मोबाइल तिरपा धरतो. 'सर, जरा बघता का? टेस्टोस्टेरॉन. 287 आलंय.'

हाच माणूस गेल्या महिन्यात सगळ्यांसमोर 'माझी जेवणानंतरची शुगर दोनशे दहा' असं मोठ्याने सांगत होता. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल यांचे आकडे आपल्याकडे पावसाच्या गप्पांसारखे चालतात. हा आकडा मात्र कुजबुजत येतो. आणि त्या कुजबुजण्यात नुसती लाज नसते, थोडा सुटकेचा भावही असतो. वर्षभर बायको, बॉस, भाऊ सगळे 'तू हल्ली असा का असतोस' म्हणून विचारत होते, त्याला आता प्रयोगशाळेचा शिक्का असलेलं उत्तर मिळालेलं असतं. म्हणून हा रिपोर्ट मी कधी हसण्यावारी नेत नाही.

मी डॉक्टर नाही. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली, त्यात संप्रेरकांवर एक धडा होता आणि तो परीक्षेपुरताच वाचला होता. पुढचं सगळं शिकलो ते ठाण्यातल्या एका एंडोक्रिनॉलॉजिस्ट बाईंकडून. माझा एक मधुमेही सदस्य त्यांचा पेशंट होता, त्याच्या व्यायामाबद्दल त्यांनी फोन केला, आणि मग मीच त्यांना फोन करत राहिलो. त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं, 'रक्त किती वाजता दिलं?' आता तो प्रश्न माझा झालाय.

उत्तरं ऐकण्यासारखी असतात. रविवारी अकराला, घरी येऊन नेलं, नाश्त्याला मिसळ झाली होती. किंवा शनिवारी संध्याकाळी, कारण पॅकेजवर त्या दिवशी सूट होती. हल्ली संपूर्ण तपासणीच्या पॅकेजात टेस्टोस्टेरॉन फुकटात घातलेलं असतं, बुफेतल्या तिसऱ्या गोड पदार्थागत. मागितलेलं नसतं, पण ताटात येतं. पुरुषाच्या रक्तात हे संप्रेरक पहाटे सर्वांत जास्त असतं आणि दिवस चढेल तसं उतरतं. पोटात ग्लुकोज गेलं की काही तास आणखी खाली येतं. ताप, आजारपण, सलग जागरणं यांनीही उतरतं. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्याचा तर आकडाच काही यंत्रांवर चुकीचा दिसू शकतो. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सोसायटीची 2018ची मार्गदर्शक तत्त्वं म्हणूनच सांगतात की सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजा आणि तेही लक्षणं असतील तरच. त्याच वर्षी तिथल्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने एका डेसिलिटरला तीनशे नॅनोग्रॅम ही रेघ धरली. ती रेघ डॉक्टरांना कामाला लावायला बरी आहे. पण 305चा माणूस धडधाकट आणि 295चा खचलेला, असं काही माझ्या व्यायामशाळेत दिसलेलं नाही.

शिवाय रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं. पोट सुटलं, इन्शुलिन नीट काम करेनासं झालं, की त्यातलं एक वाहक प्रथिन कमी होतं आणि एकूण आकडा पडलेला दिसतो; मोकळं फिरणारं, कामाचं टेस्टोस्टेरॉन कधी कधी ठीकठाकच असतं. हे मी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढून समजावतो. माणसं मान डोलावतात आणि विचारतात, 'पण सर, इंजेक्शन घ्यायचं की नाही?'

लक्षणांचं काय? थकवा, उदासपणा, जोर न येणं हे सगळ्यांचंच असतं. युरोपातल्या आठ शहरांत चाळीस ते ऐंशीच्या दरम्यानच्या तीन हजारांहून जास्त पुरुषांचा एक मोठा अभ्यास झाला, 2010 साली छापून आला. त्यात कमी टेस्टोस्टेरॉनशी ठामपणे जोडली गेली ती तीनच लक्षणं आणि तिन्ही शेजघरातली: पहाटेची ताठरता कमी होणं, इच्छा कमी होणं, ऐन वेळी साथ न मिळणं. ही तिन्ही आणि रक्तातली कमतरता, असं दोन्ही जमून आलेले पुरुष शंभरात दोनच्या आसपास निघाले. नुसता थकवा फारसं काही सांगत नव्हता.

आता हे तीन प्रश्न मराठी मध्यमवर्गीय माणसाला, त्यातून स्क्वॉट रॅकपाशी उभं राहून, विचारायचे कसे? इंग्रजीत विचारलं तर तो इंग्रजीतच 'ऑल गुड' म्हणतो. मी आता ऑफिसच्या केबिनमध्ये बसवतो, चहा मागवतो आणि विचारतो, 'सकाळी उठताना पूर्वीसारखं होतं का?' यावर कुणी 'म्हणजे?' असं विचारलेलं नाही. काही जण लगेच हो म्हणतात, आणि मग मी गाडी झोप आणि जेवणाकडे वळवतो. काही जण चहाच्या कपाकडे बघत बसतात. त्यांना मी ठाण्याचा पत्ता देतो, पुढचं विचारत नाही. तो माझा हक्क नाही.

झोपेकडे वळवतो म्हणालो, कारण इथे सगळ्यात मोठी गळती तिथे आहे. डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट गाडीने सव्वा तास धरा, रिक्षाची रांग वेगळी. रात्री साडेनऊला व्यायाम संपवून घरी जाणारा माणूस अकराला जेवतो, बाराला आडवा होतो, मग मोबाइल. पाचला गजर. शिकागोमध्ये 2011 साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरलं. तरुण होते ते, आणि एकच आठवडा. आमच्याकडची माणसं वीस-वीस वर्षं हा प्रयोग स्वतःवर करतायत. त्यांना मी सांगतो की सहा दिवसांचा कार्यक्रम बंद, तीन दिवस या. चेहरे असे होतात की जणू मी त्यांना काढून टाकतोय.

एक बँकेतले सदस्य होते, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. बेंच सत्तर किलोवर दगडासारखा बसला होता. रक्त दोनदा नियमाप्रमाणे सकाळी दिलेलं, दोन्ही वेळा तीनशेच्या जरा खाली. लोकलमध्ये उभ्या उभ्या डुलकी लागायची, याचा ते विनोद करायचे. लेडीज बॅच माझी बायको घेते आणि त्यांच्या मिसेस त्या बॅचला येतात. एकदा माझी बायको घरी म्हणाली, 'त्या काकू सांगत होत्या, हे इतके घोरतात की शेजारचे बेल वाजवतात. आणि मध्येच श्वासच थांबतो म्हणे, मग त्या हलवतात.' दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मानेला टेप लावली. दंड आणि छाती मोजायचोच, मान कधी मोजली नव्हती. सतरा इंच. झोपेची तपासणी झाली. रात्रीत शेकडो वेळा श्वास अडत होता. नाकाला लावून झोपायचं हवेचं यंत्र आलं, त्याला ते महिनाभर शिव्या देत होते. गणपतीनंतर त्यांनी पंचाहत्तर ढकलले आणि काही महिन्यांनी ऐंशी. गंमत अशी की पुन्हा तपासलं तेव्हा टेस्टोस्टेरॉन जवळजवळ तिथंच होतं. त्या यंत्राने ते वाढायलाच हवं असा नियम नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. माणूस जागा झाला होता एवढंच. रक्तातला आकडा आणि बारवरचा आकडा नेहमी हातात हात घालून चालत नाहीत हे मला तेव्हापासून पटलं.

पोटाची गोष्ट आपल्या लोकांत वेगळीच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. दोघेही काट्यावर सडपातळ. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. तो फोटो मी प्रिंट काढून नोंदणीच्या टेबलामागे लावलाय. 'माझं वजन तर नॉर्मल आहे' असं म्हणणाऱ्याला तो दाखवतो. हातपाय काटकुळे, पोट गोल, आणि आत चरबी दडलेली, हे आपलं घरगुती शरीर आहे. चरबीत टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन बनवणारं विकर असतं, आणि मधुमेह आला की गोष्ट आणखी बिघडते. अमेरिकेत बफेलोमध्ये धिंडसा आणि दंदोना यांनी टाइप दोनच्या मधुमेही पुरुषांत मोकळं टेस्टोस्टेरॉन मोजलं तर तिघांतल्या एकाचं कमी निघालं. म्हणून रिपोर्ट घेऊन आलेल्याला मी उलट विचारतो, 'तीन महिन्यांची साखर किती? हिमोग्लोबिन? थायरॉइड? बी-बारा?' शाकाहारी घरांत बी-बारा तळाला गेलेलं असणं इतकं सर्रास आहे की त्यावर आता कुणाला आश्चर्यही वाटत नाही. हातापायाला मुंग्या, दम, थकवा, आणि माणूस शोधत बसलेला टेस्टोस्टेरॉन.

जेवणाचं तर विचारूच नका. पंच्याहत्तर किलोचा माणूस, आठवड्यातून तीनदा वजन उचलतो, आणि दिवसाचं प्रथिन मोजलं तर पंचेचाळीस ग्रॅम. वजन उचलणाऱ्याला किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमच्या आसपास लागतं, वय वाढेल तसा स्नायू प्रथिनाला कमी दाद देतो. वरण-भात, पोळी-भाजी, वाटीभर ताक, एवढ्यात ते बसत नाही. श्रावणात माझ्या सगळ्या वह्यांतले आकडे एकदम उतरतात. सोमवार, शनिवार, मधली चतुर्थी, एकादशी, आणि ताटात साबुदाणा. उपासाला माझा विरोध नाही, माझी आई अजून करते. पण त्या महिन्यात मी कुणालाच नवं वजन लावत नाही. शेंगदाणे, दही, पनीर, राजगिरा यांची चिठ्ठी देतो आणि सव्वा किलोच्या छोट्या प्लेट बाहेर काढतो. या छोट्या प्लेटची या वयाच्या पुरुषांना भारी लाज वाटते. त्यांना पाच-पाचच्या दोन लावायच्या असतात. पोरांचं शरीर दोन दिवसांत भरून निघतं, यांचं चार दिवसांत. दर चौथा आठवडा मी हलका ठेवतो आणि या हलक्या आठवड्यावरून जितकी भांडणं झाली तितकी फीवरून झाली नाहीत.

आता इंजेक्शन. ते चालत नाही असं म्हणणारा ट्रेनर खोटं बोलतो. शालेंदर भसीन यांनी 1996 साली अमेरिकेत धडधाकट पुरुषांना दहा आठवडे, आठवड्याला 600 मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं. हा डोस उपचाराच्या डोसाच्या सहापट आहे. नुसता व्यायाम केलेल्यांच्या चरबीविरहित वस्तुमानात सुमारे दोन किलोची भर पडली. इंजेक्शन घेऊन नुसतं बसलेल्यांच्या तीन किलोहून जास्त. दोन्ही केलेल्यांच्या सहा. म्हणजे सोफ्यावर बसणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो, कारण माझा धंदाच घामाचा. आणि हेच आकडे काही ट्रेनरांच्या फोनमध्येही असतात. पूर्वी त्यांचं गिऱ्हाईक स्पर्धेला उतरणारी पोरं होती. आता चाळिशीतला, हातात पगार असलेला, रिपोर्टने घाबरलेला माणूस त्यांना जास्त सोपा वाटतो. 'टेस्टची सायकल' असं नाव असतं, 'डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही' असं आश्वासन असतं. भूल देताना रक्तदाब पडला तर वापरायचं मेफेंटरमिनसुद्धा जिममध्ये टोचल्याच्या बातम्या आपण महाराष्ट्रात वाचल्यात, तेव्हा कुणाच्या हातात काय आहे याचा भरवसा नाही.

यात एक गोष्ट कुणी सांगत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना हुकूम देणं बंद करते. आतलं उत्पादन थांबतं, वृषणं लहान होतात, वीर्यातले शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. अडतीस वर्षांचा एक मुलगा, लग्नाला चार वर्षं, मूल हवं म्हणून दोघांचे दवाखाने चालू, आणि हा दुसऱ्या जिममधून छुपं इंजेक्शन घेत होता, 'मर्दानगी वाढेल तर मूलही होईल' या हिशेबाने. सासरच्यांनी सगळ्या तपासण्या सुनेच्या करून घेतल्या होत्या. त्याला हे सांगताना मला घाम फुटला. बंद केल्यावरही गाडी रुळावर यायला महिने गेले.

माणसाची ही हौस जुनी आहे. 1889 साली पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार नावाच्या बहात्तर वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा पाण्यात काढलेला अर्क स्वतःला टोचून घेतला आणि सभेत उभं राहून जाहीर केलं की आपण पुन्हा तरुण झालो. पुरावा म्हणून त्याने डायनॅमोमीटरवर हाताचा जोर मोजला होता, जोर वाढला होता. टेस्टोस्टेरॉन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, म्हणजे त्या अर्कात ते नसल्यातच जमा होतं. माझ्याकडेही मूठ आवळून जोर मोजायचं ते उपकरण आहे. नवा पट्टा घेतलेल्या दिवशी सगळ्यांचाच आकडा दोन-तीन किलोने वाढतो. खरं टेस्टोस्टेरॉन वेगळं काढायला आणि प्रयोगशाळेत बनवायला 1935 उजाडावं लागलं, आणि ते बनवणाऱ्या बुटेनांट आणि रुझिका यांना पुढे नोबेल मिळालं.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की हा माणूस प्रत्येकाला झोप आणि शेंगदाणे सांगून घरी पाठवतो. त्यासाठी एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरबद्दल सांगायला हवं.

चव्वेचाळीस वय, उंच, कमी बोलणारा. दीड वर्षात त्याचा डेडलिफ्ट एकशे दहावरून ऐंशीवर आला होता. इतरांचे आकडे अडकतात, याचे उतरत होते. झोप आठ तास, मांसाहारी, साखर ठीक. दाढी रोज करायचा तो तीन-चार दिवसांनी करायला लागला होता आणि तरी गाल साफ दिसायचे. माझ्या मदतनीस पोराची त्याच्याबद्दल वेगळीच तक्रार होती: 'सर, हा माणूस लई धडकतो.' प्लेट लावताना शेजारच्या रॅकला खांदा लागायचा. बेंचच्या कडेला ठेवलेल्या डंबेलवर पाय पडायचा. एकदा बाजूने जाणाऱ्या बाईंना धक्का लागला, वाद झाला. त्याने बाइक चालवणंही सोडलं होतं, कारण विचारलं तर 'ट्रॅफिक फार' म्हणाला. डोकं दुखतं ते प्री-वर्कआउटमुळे, हे त्याचं स्वतःचं निदान.

मी त्याला बाकावर बसवून समोर उभा राहिलो आणि माझ्या नाकाकडे बघायला सांगून दोन्ही हात बाजूला पसरले, बोटं हलवली. डॉक्टर बाईंनी मागे कधीतरी गप्पांत हे दाखवलं होतं. माझी बोटं बरीच आत येईपर्यंत त्याला दिसली नाहीत. दोन्ही बाजूंनी.

सकाळच्या दोन तपासण्यांत टेस्टोस्टेरॉन दीडशेच्याही खाली आलं. पण बाईंनी बघितलं ते त्याच्या शेजारचं, एलएच, म्हणजे पिट्युटरीचा वृषणांना जाणारा हुकूम. वृषणं थकली असतील तर पिट्युटरी ओरडून ओरडून एलएच वाढवते. इथे दोन्ही खाली होते, म्हणजे वरूनच हुकूम येत नव्हता. पिट्युटरीचंच दुसरं संप्रेरक, प्रोलॅक्टिन, हजारांत गेलेलं. एमआरआयमध्ये पिट्युटरीवर गाठ दिसली, दोन सेंटिमीटरहून मोठी, डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे वर दाबणारी. साधी गाठ, कॅन्सर नव्हे, आणि नशिबाने या प्रकारच्या गाठीला सहसा गोळीच पुरते. आठवड्यातून दोनदा कॅबरगोलिन. बायकांमध्ये पाळी बिघडते म्हणून ही गाठ लहान असतानाच सापडते. पुरुष दोन-चार वर्षं 'वय झालं' म्हणत काढतात, म्हणून त्यांची मोठी होऊन सापडते.

त्याला मध्ये कुणी छुपं इंजेक्शन दिलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मला अजून येतो. स्नायू भरले असते. मूड सुधारला असता. एलएच तर इंजेक्शननेही खाली जातं, त्यामुळे रक्तातली ती खूण पुसली गेली असती. आणि गाठ वाढत राहिली असती. गोळी सुरू झाल्यावर आधी डोकेदुखी गेली, मग हळूहळू बाजूचं दिसायला लागलं, टेस्टोस्टेरॉन स्वतःहून वर यायला जवळजवळ वर्ष लागलं. वजन मी तोवर साठच्या पुढे जाऊ दिलं नाही. त्याला त्याचं काही नव्हतं. त्याचा मुलगा आता दुपारच्या बॅचला येतो.

ज्यांना खरंच गरज आहे आणि डॉक्टर देतात, अशी चार माणसं माझ्याकडे आहेत. त्यांच्यामुळे माझा सूर बराच मवाळ झालाय. अमेरिकेत 2023 साली पाच हजारांवर पुरुषांचा मोठा अभ्यास आला, हृदयविकाराचा धोका असलेल्या आणि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या. झटके औषधामुळे वाढलेले दिसले नाहीत, ही भीती कमी झाली. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात गुठळी जाणं हे थोडं जास्त दिसलं. त्याआधी पासष्टीपुढच्यांचा अभ्यास झाला होता, त्यात शेजघरातला फरक दिसला, उत्साहाच्या मोजपट्टीवर मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. माझ्या चौघांपैकी एकाचं रक्त घट्ट झालं, हिमॅटोक्रिट चोपन्नच्या वर गेलं, डॉक्टरांनी डोस थांबवला. तो वैतागला, मग कमी डोसावर पुन्हा सुरू झालं. तो दर तीन महिन्यांनी रिपोर्ट आणतो आणि वहीत माझ्या आकड्यांशेजारी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. त्याचा स्क्वॉट चांगला चाललाय.

परवा रात्री एक जण आले, एकोणपन्नास वय. पहिला रिपोर्ट 281 होता, माझ्या सांगण्यावरून उपाशीपोटी सकाळी सातला पुन्हा केला. 436. मी म्हटलं, 'उत्तम! काही नाही तुम्हाला.' ते खुर्चीत आणखी खाली गेले. इतका पडलेला चेहरा मी 281ला पाहिला नव्हता.

'मग मला झालंय काय, सर?'

मी दिवस विचारला. बेलापूरला बदली झालीय. आई घरी आहे, तिला विसर पडतो, रात्री दोनदा-तीनदा उठून दार उघडते, म्हणून ते हॉलमध्ये दारापाशी झोपतात. मुलीची बारावी. व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, कारण 'निदान तेवढं तरी नीट व्हायला हवं'. वहीत सहा महिने पंचावन्न.

'दोनच दिवस या,' मी म्हटलं. 'बुधवार आणि रविवार. स्क्वॉट, बेंच, रोइंग, बस. पाऊण तासात घरी. आणि आठवड्यातून दोन रात्री भावाला किंवा कुणाला तरी हॉलमध्ये झोपवा.'

'भाऊ कल्याणला असतो.'

'दोन स्टेशनं.'

ते विचारात पडले. भावाला हे कसं सांगायचं याचा विचार चालला असणार, मला तरी तसं वाटलं. मग पाकीट उघडून पुढच्या महिन्याची फी काढायला लागले आणि थांबले.

'दोन दिवसांची फी कमी होईल का?'

'नाही,' मी म्हटलं.